उमेदवारी, पूर्ववृत्तशोध आणि वयाचा एक आंकडा

१. प्रास्ताविक

नव्यानें नेमलेल्या सेवकास कांहीं काळ कच्च्या नोकरींत ठेवावें, त्या अवधींत त्याचें पूर्ववृत्त शोधावें, आणि तें प्रतिकूल आढळल्यास त्यास निरोप द्यावा, ही रीत हल्लीं सरकारी कचेरीपासून खासगी पेढीपर्यंत सर्वत्र रूढ आहे. या कच्च्या काळास जुन्या व्यवहारांत उमेदवारी म्हणत. आजची शासकीय परिभाषा त्यास परिवीक्षा म्हणते आणि पूर्ववृत्ताच्या शोधास चारित्र्य-पडताळणी म्हणते. शब्द नवे असल्यामुळें संस्थाही नवीच असावी असा पुष्कळांचा समज दिसतो. तो यथार्थ नाहीं. सेवकाची आधीं सामान्य कामावर नेमणूक, मग परीक्षा, आणि परीक्षेअंतीं पक्कें पद, हा क्रम आपल्याकडील अर्थशास्त्रकारांस पूर्णपणें ठाऊक होता.

सेवकाची परीक्षा घेण्याचा स्वामीचा अधिकार कोणत्याही काळीं कोणीं फारसा नाकारलेला नाहीं. वाद राहतो तो दोन गोष्टींविषयीं. परीक्षेचें साधन म्हणून जो कागद पुढें येतो त्याचा अर्थ कोणत्या रीतीनें लावावयाचा, ही एक. आणि ज्याच्याविषयीं तो कागद आहे त्यास त्या अर्थाविषयीं बोलूं द्यावयाचें कीं नाहीं, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणीं स्पष्ट दिसतात असें एक प्रकरण इ. स. १८६९ मध्यें लंडन येथें घडलें. इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या चढाओढीच्या परीक्षेंत निवडले गेलेले दोन हिंदी तरुण, एक बंगालचा व एक मुंबई इलाख्याचा, उमेदवारीच्या काळांतच वयाच्या एका आंकड्यावरून यादींतून काढले गेले. इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासांत हें प्रकरण एखाद्या वाक्यांत उल्लेखून सोडून देण्याची वहिवाट आहे. परंतु कालगणनेशीं ज्यांचा नित्याचा संबंध आहे अशा इतिहासाभ्यासकांनीं त्याचा स्वतंत्र विचार करावा इतकें तें महत्त्वाचें आहे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

२. कौटिल्याची परीक्षापद्धति

म्हैसूर येथील आर. शामशास्त्री यांनीं कौटिलीय अर्थशास्त्राचा ग्रंथ १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केला, तेव्हांपासून प्राचीन राज्यव्यवहाराविषयींच्या आपल्या ज्ञानांत मोठी भर पडली. त्याच्या पहिल्या अधिकरणांत अमात्यांच्या निवडीचा जो विचार आहे, त्याचे दोन स्पष्ट भाग पडतात.

पहिला भाग पूर्ववृत्ताचा. अमात्याचा देश व कुल हीं विश्वासू माणसांकडून समजून घ्यावीं; विद्या व शिल्प हीं समान विद्या असणाऱ्यांकडून पारखावीं; शील, बल, आरोग्य हीं त्याच्याबरोबर राहणाऱ्यांकडून जाणावीं; बुद्धि व दक्षता हीं प्रत्यक्ष कामांत पाहावीं; आणि वक्तृत्व संभाषणांत पाहावें, अशी तेथें वांटणी केलेली आहे. या वांटणीचें मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. प्रत्येक गुणासाठीं वेगळा साक्षीदार सांगितला आहे, आणि तो साक्षीदार त्या गुणाविषयीं बोलण्यास अधिकारी असलाच पाहिजे अशी अपेक्षा आहे. विद्येविषयीं शेजाऱ्याचें मत घेऊं नये व शीलाविषयीं परीक्षकाचें घेऊं नये, हाच त्याचा फलितार्थ. जें प्रत्यक्ष दिसतें, जें दुसऱ्याकडून कळतें आणि जें अनुमानानें ठरवावें लागतें, हे तिन्ही प्रकार कौटिल्य निरनिराळे ठेवतो.

दुसरा भाग उपधांचा. अमात्यांस प्रथम सामान्य अधिकारपदांवर बसवावें आणि नंतर धर्म, अर्थ, काम व भय या चार उपधांनीं, म्हणजे कपटपरीक्षांनीं, त्यांची शुद्धि पाहावी. धर्मोपधेंत राजानें वरकरणी पदच्युत केलेला पुरोहित अमात्यांस फितुरीची फूस लावतो. अर्थोपधेंत हेंच काम सेनापति द्रव्याचा लोभ दाखवून करतो. कामोपधेंत एक परिव्राजिका राणीच्या अनुरागाचा निरोप आणते. भयोपधेंत सर्व अमात्यांस एकदम अटकेंत टाकून त्यांच्या मनाचा ठाव घेतला जातो. धर्मोपधेंत शुद्ध ठरलेल्यास न्यायाचें काम, अर्थोपधेंत शुद्ध ठरलेल्यास समाहर्ता व सन्निधाता यांचीं कोशाचीं कामें, कामोपधेंत शुद्ध ठरलेल्यास विहारस्थानांचें रक्षण, भयोपधेंत शुद्ध ठरलेल्यास राजाच्या निकटचीं कार्यें, आणि चारींत शुद्ध ठरलेल्यास मंत्रिपद अशी योजना आहे.

आतां आपल्या विषयाच्या दृष्टीनें दोन मुद्दे. एक असा कीं, जो कोणत्याच परीक्षेंत उतरत नाहीं त्यास हांकलून द्यावें असें कौटिल्य सांगत नाहीं. त्यास खाणी, वनें, हत्तींचीं अरण्यें व कारखाने येथील कामांवर लावावें असें सांगतो. यांत दया असेलही, पण धोरण निश्चित आहे. कारण त्याच अधिकरणांत पुढें, शत्रूच्या गळाला लागणाऱ्या लोकांचे वर्ग सांगतांना क्रुद्धवर्गांत मानापासून व अधिकारापासून भ्रष्ट झालेल्या माणसाची गणना केलेली आहे. दुसरा मुद्दा हेरांच्या वृत्ताचा. एका हेराचें म्हणणें प्रमाण मानावयाचें नाहीं. एकमेकांस न ओळखणाऱ्या तिघांचें वृत्त जुळलें तरच तें विश्वसनीय, आणि तें वारंवार जुळेनासें झालें तर शिक्षा हेरांसच. शिवाय निर्दोष माणसास परीक्षेच्या निमित्तानें दूषित करूं नये, कारण एकदां बिघडलेलें मन पुन्हा ताळ्यावर येईलच असें नाहीं, हा इशारा उपधाप्रकरणाच्या शेवटीं दिलेला आहे. निष्ठुर म्हणून प्रसिद्ध असलेल्या ग्रंथकारानें परीक्षेस घातलेल्या या मर्यादा आहेत.

३. जामिनाची रीत

मराठ्यांच्या राज्यांत नव्या माणसाच्या पूर्ववृत्ताचा प्रश्न निराळ्या मार्गानें सोडविलेला दिसतो. शिवाजीमहाराज भरतीस आलेल्या प्रत्येक माणसास स्वतः पाहत, आणि जो ओळखीचा नसेल त्याच्या इमानाबद्दल व वर्तनाबद्दल आधींपासून चाकरींत असलेल्या माणसांचा जामीन घेत, असें ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत नमूद केलें आहे. आपल्या जुन्या कागदांत हाजिरजामीन व फेलजामीन असा भेद आढळतो. पहिला माणूस हजर राहील याबद्दल, दुसरा त्याच्या वर्तणुकीबद्दल. या रीतींत माहिती देणारा पडद्याआड राहत नाहीं. तो आपल्या नांवानिशीं पुढें येतो, आणि आपल्या शब्दाची जोखीम स्वतः घेतो. गुप्त वृत्तांत व उघड जामीन यांतील हा भेद पुढील विवेचनांत उपयोगी पडणार आहे.

४. चढाओढीची परीक्षा आणि उमेदवारी

ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी नोकऱ्या इ. स. १८५३ पर्यंत संचालकांच्या शिफारशीनें मिळत. त्या वर्षींच्या कायद्यानें संचालकांचा हा हक्क संपला, आणि १८५५ मध्यें पहिली चढाओढीची परीक्षा लंडन येथें झाली. शिफारस होती तोंवर शिफारस करणारा संचालक हा एका अर्थीं उमेदवाराचा जामीनच असे. ती गेल्यावर ओळखीच्या माणसाच्या शब्दाची जागा दाखल्यांनीं घेतली. वय, आरोग्य व सद्वर्तन यांचा पुरावा उमेदवारानें सिव्हिल सर्व्हिस कमिशनरांपुढें ठेवावयाचा, असा नियम झाला. माणसाऐवजीं कागद जामीन राहूं लागला, असें म्हटल्यास चालेल.

वयाची मर्यादा आरंभीं तेवीस होती. ती पुढें बावीस आणि १८६६ पासून एकवीस अशी खालीं आली. परीक्षेंत निवडलेल्यास लगेच नेमणूक मिळत नसे. त्यानें दोन वर्षें इंग्लंडांत उमेदवार म्हणून राहावें, कायदा, हिंदी भाषा व इतर विषय यांच्या ठराविक काळानें होणाऱ्या परीक्षा द्याव्या, आणि अखेरच्या परीक्षेनंतर हिंदुस्थानांत यावें असा क्रम होता. म्हणजे निवड व पक्की नेमणूक यांच्यामध्यें दोन वर्षांची उमेदवारी होती, आणि त्या काळांत नांव यादींतून जाण्याची भीति कायम असे.

हिंदी माणसास ही परीक्षा कायद्यानें मोकळी असली तरी व्यवहारांत दुर्घट होती. सत्येंद्रनाथ ठाकूर १८६३ मध्यें निवडले गेले व पुढील वर्षीं मुंबई इलाख्यांत रुजू झाले. त्यांच्यामागून कांहीं वर्षें कोणी नाहीं. १८६८ च्या मार्च महिन्यांत कलकत्त्याहून तिघे तरुण एकत्र निघाले: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि सुरेंद्रनाथ बानर्जी. १८६९ च्या परीक्षेंत हे तिघेही निवडले गेले. आणि त्यांच्या बरोबरीनें चौथें हिंदी नांव होतें तें मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर यांचें. एका वर्षीं चार हिंदी नांवें लागणें ही त्या काळीं असाधारण गोष्ट होती.

५. १८६९ चें प्रकरण

निवड झाल्यावर कमिशनरांच्या असें निदर्शनास आलें कीं, सुरेंद्रनाथांनीं परीक्षेसाठीं दिलेलें वय व त्यांच्या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळीं नोंदलेलें वय यांत मेळ बसत नाहीं. प्रवेशपरीक्षा १८६३ च्या डिसेंबरांत झाली. तेथें वय सोळा असें लिहिलेलें होतें. त्या आंकड्यावरून हिशेब केला तर १८६९ मध्यें त्यांचें वय एकवीस उलटून गेलेलें ठरे, आणि मग ते परीक्षेस बसण्यास अपात्र होते. श्रीपाद बाबाजी ठाकूर यांच्याविषयींही हाच आक्षेप निघाला. दोघांकडून खुलासा मागविण्यांत आला. आमच्या देशांत वय चालू वर्षावरून सांगण्याची रीत आहे, असा खुलासा आला. तो मान्य झाला नाहीं. आणि दोघांचीं नांवें निवडलेल्यांच्या यादींतून काढलीं गेलीं.

यांत कमिशनरांच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें म्हटलें पाहिजे. त्यांच्यापुढें एकाच माणसाच्या वयाचे दोन आंकडे होते, आणि ते दोन्ही त्याच्याच बाजूकडून आलेले होते. एक आंकडा त्यास नोकरी मिळण्यापूर्वीं, कांहीं हेतु नसतांना दिलेला; दुसरा नोकरीच्या आशेनें दिलेला. अशा वेळीं पहिला अधिक विश्वसनीय मानावा, हा पुराव्याचा सामान्य नियम इतिहाससंशोधकही पाळतात. कमिशनरांचा तर्क म्हणून सदोष नव्हता. दोष होता तो तर्काच्या आधीं. ‘सोळा’ हा शब्द दोन्ही कागदांत एकाच अर्थानें वापरला आहे, हें त्यांनीं गृहीत धरलें, आणि तें गृहीत तपासून पाहण्याचें नाकारलें.

६. ‘सोळा’ या आंकड्याचा अर्थ

सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. १८६३ च्या डिसेंबरांत त्यांस पंधरा वर्षें पुरीं होऊन सुमारें एक महिना झाला होता. म्हणजे सोळावें वर्ष चालू होतें. देशी रीतीनें त्यांचें वय सोळा, इंग्रजी रीतीनें पंधरा. १८६९ च्या परीक्षेच्या वेळीं त्यांचें पुरें वय वीस वर्षें व कांहीं महिने होतें, एकवीस नव्हे. दोन्ही नोंदी खऱ्या आणि परस्परांशीं सुसंगत आहेत. फक्त एक चालू वर्षाची आहे व दुसरी सरलेल्या वर्षांची.

कांहीं लेखकांनीं या प्रकरणाचें वर्णन, हिंदू लोक वय गर्भधारणेपासून मोजतात म्हणून घोटाळा झाला, असें केलें आहे. गर्भापासून वर्षें मोजण्याची रीत शास्त्रांत आहे यांत शंका नाहीं. उपनयनाचा काल सांगतांना ‘गर्भाष्टम’ हा शब्द स्मृतिकार व गृह्यसूत्रकार योजतात. परंतु येथें तिची आवश्यकता नाहीं. गर्भापासूनचे नऊ महिने अधिक धरले तरी १८६३ च्या डिसेंबरांत सुमारें पंधरा वर्षें दहा महिनेच भरतात, म्हणजे त्याही गणनेनें सोळावेंच चालू राहतें. जन्मापासून मोजा कीं गर्भापासून, ‘सोळा’ येतो तो चालू वर्ष सांगण्याच्या रीतीमुळेंच. सबब या प्रकरणाचें खरें मूळ गत व वर्तमान या भेदांत आहे.

हा भेद भाषेंतच रुजलेला आहे. मराठींत आपण ‘सोळावें लागलें’ व ‘सोळावें सरलें’ असें निरनिराळें बोलतों. पण घाईंत नुसतें ‘सोळा’ म्हटलें म्हणजे दोहोंपैकीं कोणतें तें ऐकणारानें प्रसंगावरून ओळखावें लागतें. संस्कृतांत तर ही संदिग्धता व्याकरणसिद्ध आहे. सोळा ही संख्या सांगणारा शब्द ‘षोडशन्’ असा नकारान्त. सोळावा या अर्थीं पूरणप्रत्यय लागून होणारा शब्द ‘षोडश’ असा अकारान्त. समासांत नकाराचा लोप झाला कीं दोन्ही रूपें सारखींच दिसतात, आणि ‘षोडशवर्ष’ म्हणजे सोळा वर्षें कीं सोळावें वर्ष, हें केवळ शब्दरूपावरून सांगतां येत नाहीं.

शिलालेख व ताम्रपट वाचणारांस ही अडचण अपरिचित नाहीं. शकाचा आंकडा गत वर्षाचा कीं वर्तमान वर्षाचा, यावर एका वर्षाचा फरक पडतो, आणि वार, तिथि व ग्रहण यांचा मेळ घालून तो ठरवावा लागतो. फ्लीटच्या १८८८ च्या गुप्तलेखसंग्रहासाठीं असे हिशेब करण्याचें काम आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं केलें, आणि पुढें १८९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथांत त्यांनीं या विषयाचें साकल्यानें विवेचन केलें. गंमत अशी कीं, आपल्या पंचांगांतील शक गत वर्षांचा आंकडा सांगतो, आणि घरांतील वडील माणसें मुलाचें वय वर्तमान वर्षाचें सांगतात. एकाच घरांत दोन गणना नांदतात, आणि तरी कोणाचें कांहीं अडत नाहीं. कारण दोन्ही वाचणारा एकच असतो. अडतें तें कागद परक्या वाचकाच्या हातीं पडल्यावर.

शिवाजीमहाराजांच्या जन्मतिथीचा वाद येथें आठवल्याशिवाय राहत नाहीं. शके १५४९ वैशाख शुद्ध २ व शके १५५१ फाल्गुन वद्य ३ या दोन तिथींत जवळजवळ तीन वर्षांचें अंतर; १९१६ मध्यें टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केल्यावर दुसऱ्या तिथीस बळकटी आली, आणि तरीही विद्वानांनीं दोन्ही पक्षांचीं साधनें पिढ्यान्‌पिढ्या तपासलीं. एवढ्या मोठ्या पुरुषाच्या जन्मकालाविषयीं आपण इतका धीर धरतों. एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या बाबतींत मात्र एका आंकड्याचा एकच अर्थ पुरेसा मानला गेला. ज्यांनीं खेड्यांतील शाळांचीं जुनीं रजिस्टरें हाताळलीं आहेत त्यांस हेंही ठाऊक आहे कीं, मागील पिढ्यांतील असंख्य मुलांचा जन्मदिवस १ जून असा लिहिलेला सांपडतो. तो जन्मदिवस बहुधा नव्हे. शाळेच्या सोयीचा दिवस आहे. अशी नोंद खोटी म्हणतां येत नाहीं, आणि ती अक्षरशः खरी मानतांही येत नाहीं. ती कोणत्या कामासाठीं, कोणीं, कोणत्या वहिवाटीनें केली, हें जाणूनच ती वाचली पाहिजे.

७. निकाल आणि उत्तरकथा

सुरेंद्रनाथांनीं क्वीन्स बेंच न्यायालयांत दाद मागितली. बंगालमधून ईश्वरचंद्र विद्यासागर प्रभृति प्रतिष्ठित गृहस्थांनीं आपल्या देशांतील वयोगणनेच्या रीतीविषयीं साक्ष लिहून पाठविली. कौटिल्याच्या भाषेंत बोलावयाचें तर, ज्या गोष्टीविषयीं जो अधिकारी त्याचीच साक्ष येथें आली. आणि मराठ्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर, नांवानिशीं जामीन उभे राहिले. न्यायालयानें कमिशनरांस कारण दाखविण्याचा हुकूम काढला, आणि त्यानंतर कमिशनरांनीं माघार घेऊन नांवें पुन्हा यादींत घेतलीं. श्रीपाद बाबाजी ठाकूर यांचें प्रकरण तशाच स्वरूपाचें असल्यामुळें त्यांसही याचा लाभ मिळाला, आणि त्यांनीं पुढें मुंबई इलाख्यांत नोकरी केली. याच सुमारास, १८७० च्या फेब्रुवारींत, सुरेंद्रनाथांचे वडील डॉ. दुर्गाचरण कलकत्त्यास निवर्तले. उमेदवारींत झालेला अन्याय दूर होतो तेव्हांही मधला काळ परत मिळत नाहीं, हें अशा कथांत नेहमींच दिसतें.

१८७१ मध्यें अखेरची परीक्षा होऊन सुरेंद्रनाथ सिल्हेट येथें असिस्टंट मॅजिस्ट्रेट म्हणून रुजू झाले. तेथें एका फौजदारी प्रकरणांतील आरोपीचें नांव फरारी लोकांच्या यादींत चुकीनें घातल्याबद्दल त्यांच्यावर चौकशी झाली, आणि १८७४ मध्यें ते नोकरींतून दूर केले गेले. दरमहा पन्नास रुपयांचें अनुग्रहवेतन तेवढें ठेविलें. ते विलायतेस जाऊन दाद मागूं लागले, पण उपयोग झाला नाहीं. बॅरिस्टर व्हावें म्हणून मिडल टेंपलमध्यें प्रयत्न केला, तर १८७५ मध्यें तेथेंही, सरकारी नोकरींतून बडतर्फ झालेला म्हणून, नकार आला. एकदां कागदावर चढलेला शेरा माणसाच्या पुढें कसा धांवतो याचें हें उदाहरण होय. एका दारावरचा शेरा दुसऱ्या दारावर, पुन्हा कांहींही न तपासतां, निकाल म्हणून वाचला जातो. त्या वेळीं त्यांस अध्यापकाचें काम देऊन हात दिला तो पुन्हा विद्यासागरांनीं, आपल्या मेट्रोपोलिटन इन्स्टिट्यूशनमध्यें.

पुढील इतिहास प्रसिद्ध आहे. १८७६ मध्यें इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. त्याच वर्षीं सिव्हिल सर्व्हिसची वयोमर्यादा एकविसावरून एकोणीस करण्याचा निर्णय झाला. या निर्णयाविरुद्ध देशभर सभा घेत फिरण्याचें काम ज्यानें केलें तो वक्ता म्हणजे, ज्याचें स्वतःचें नांव वयाच्या आंकड्यावरून एकदां खोडलें गेलें होतें तोच. १८९५ मध्यें राष्ट्रीय सभेचें अकरावें अधिवेशन पुणें येथें भरलें, त्याचे अध्यक्ष सुरेंद्रनाथच होते. मानाधिकारांपासून भ्रष्ट झालेला मनुष्य क्रुद्धवर्गांत जातो, हें कौटिल्याचें विधान ब्रिटिश राज्यकर्त्यांनीं वाचलें नव्हतें. शामशास्त्र्यांचा ग्रंथ तेव्हां प्रसिद्धच व्हावयाचा होता.

उमेदवारींतूनच बाहेर पडलेल्या दुसऱ्या एका थोर पुरुषाचा येथें निर्देश करतों. अरविंद घोष १८९० मध्यें अकराव्या क्रमांकानें निवडले गेले; दोन वर्षांनंतर घोड्यावर बसण्याची परीक्षा न दिल्यामुळें ते नाकारले गेले. तेथें पूर्ववृत्ताचा प्रश्न नव्हता, आणि नियमाचा अर्थही संदिग्ध नव्हता. म्हणून तें प्रकरण १८६९ च्या प्रकरणाच्या पंक्तीस बसत नाहीं. १८९३ च्या आरंभीं सयाजीराव गायकवाडांनीं त्यांस बडोद्यास नोकरींत घेतलें. एकानें नाकारलेला माणूस दुसऱ्यानें गुणावरून पारखून घेतला, एवढें त्यांतून घेण्यासारखें आहे.

८. स्वातंत्र्योत्तर निर्णय

स्वतंत्र भारताच्या घटनेच्या ३११ व्या कलमानें सरकारी सेवकास, म्हणणें मांडण्याची संधि दिल्याखेरीज बडतर्फ न करण्याचें संरक्षण दिलें. हें संरक्षण उमेदवारीवरील माणसास कितपत लागू, हा प्रश्न लगेच उद्भवला. १९५७ मध्यें धिंग्रा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें असा भेद केला कीं, नेमणुकीच्या अटीनुसार साधा निरोप दिला तर तो शिक्षा नव्हे. परंतु निरोपाच्या वेषांत शिक्षा केली असेल तर संरक्षण लागू होतें. त्या निर्णयांत भिन्न मत देणारे न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस हे पूर्वीं नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. १९६३ च्या जगदीश मित्तर प्रकरणांत, हा सेवक नोकरींत ठेवण्यास योग्य नाहीं अशा आशयाचा शेरा असलेला निरोप हा कलंक लावणारा आहे असें ठरलें. तो निर्णय लिहिणारे न्यायमूर्ति गजेंद्रगडकर सातारच्या संस्कृत पंडितांच्या घराण्यांतले. १९७४ मध्यें पंजाबांतील उमेदवारीवरील न्यायाधिकाऱ्यांचें प्रकरण सात न्यायाधीशांपुढें आलें. तेथें दक्षता खात्याकडून मागें चौकशी करवून, तिच्या आधारें साधा दिसणारा निरोप दिला होता. न्यायालयानें हुकमाचें बाह्य रूप बाजूस सारून त्याचें मूळ पाहिलें, आणि तो निरोप टिकला नाहीं.

१९८३ चा एक निर्णय तर शिक्षकाचाच आहे. मध्य प्रदेशांतील एका नगरपालिकेची शाळा सरकारनें ताब्यांत घेतली. तेथील शिक्षक, पूर्ववृत्त तपासण्याच्या अटीवर, सरकारी नोकरींत सामावून घेतले गेले. कांहीं काळानें पोलीस अधिकाऱ्याचें वृत्त आलें कीं, या गृहस्थानें पूर्वीं अमुक राजकीय चळवळींत भाग घेतला होता; आणि त्यावरून नोकरी गेली. न्यायमूर्ति चिन्नप्पा रेड्डी यांनीं तो निरोप टिकूं दिला नाहीं. कायदेशीर राजकीय मताबद्दल मागें तयार केलेल्या गुप्त वृत्तावर माणसाची भाकरी अवलंबून ठेवणें हें घटनेच्या तत्त्वांशीं विसंगत आहे, असा त्या निर्णयाचा भाव आहे. उलट पक्षीं, पडताळणीच्या अर्जांत उमेदवारानें खरी माहिती दडवूं नये हें कर्तव्यही न्यायालयांनीं तितक्याच स्पष्टपणें सांगितलें आहे. २०१६ च्या अवतारसिंग प्रकरणांत तीन न्यायाधीशांनीं दोन्ही बाजू जुळवून असें ठरविलें कीं, माहिती खरी दिलीच पाहिजे. पण कोवळ्या वयांतील क्षुल्लक गोष्ट दडविली गेली असेल तर मालकानें सारासार विचार करून ती क्षम्य धरावी, आणि जो नोकरींत कायम झाला आहे त्यास चौकशीवांचून काढूं नये. खासगी पेढ्यांतील सेवकास ३११ व्या कलमाचा आश्रय नाहीं. तेथें हाच प्रश्न बहुधा करारनाम्याच्या एका ओळींत मिटविला जातो.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात असें वाटतें. पहिली : पूर्ववृत्तशोध ही आपल्या परंपरेस परकी गोष्ट नव्हे, पण त्या परंपरेंत प्रत्येक गुणास त्याचा अधिकारी साक्षीदार, आणि एका वृत्तावर विश्वास न ठेवण्याची सावधगिरी, या दोन मर्यादा शोधाबरोबरच सांगितलेल्या आहेत. दुसरी : नोंद आणि तथ्य यांच्यामध्यें नोंद करणाऱ्याची वहिवाट उभी असते. १८६९ मध्यें दोन कागद खरे असूनही त्यांतून निघालेला निष्कर्ष खोटा ठरला, याचें कारण कमिशनरांनीं वहिवाट वाचली नाहीं, फक्त आंकडा वाचला. तिसरी : वहिवाट सांगूं शकतो तो बहुधा ज्याच्याविषयीं कागद आहे तोच, किंवा त्याच्या समाजांतले जाणते लोक. म्हणून त्यास बोलूं देणें ही नुसती दया नसून सत्य कळण्याचें साधन आहे. सुरेंद्रनाथ मुकाट्यानें परत आले असते तर ‘सोळा’ याचा चुकीचा अर्थच दप्तरीं खरा म्हणून राहिला असता, आणि आज आपणही तो तसाच वाचला असता.

इतिहाससंशोधकानें साधनांविषयीं जी शिस्त स्वतःस लावून घेतली आहे, तीच पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्यास लावली पाहिजे. फरक इतकाच कीं, संशोधकाच्या चुकीची दुरुस्ती पुढील अंकांत करतां येते. उमेदवारींतून काढलेल्या तरुणाचें वर्ष, वेतन आणि घरच्या माणसांचा धीर हीं पुढील अंकापर्यंत थांबत नाहींत.